घोरपड नव्हती, हे कळल्यानंतर

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

मी सोळा वर्षांची आहे, कऱ्हाडला अकरावी सायन्सला शिकते. आजोबा गेले तेव्हा त्यांची पुस्तकांची पत्र्याची पेटी माझ्या वाट्याला आली. आठवीत असताना त्यातून ‘स्वामी’ काढलं, मग ‘श्रीमान योगी’, ‘मृत्युंजय’, ‘गड आला पण सिंह गेला’. ‘स्वामी’ तीनदा वाचलं, तिन्ही वेळा शेवटी रडले. गेल्या शिवजयंतीला वक्तृत्व स्पर्धेत मी तानाजी मालुसऱ्यांवर बोलले. यशवंती घोरपड, रायबाचं लग्न, महाराजांचं ‘गड आला पण सिंह गेला’ आणि म्हणून कोंढाण्याला मिळालेलं सिंहगड हे नाव, सगळं मन लावून सांगितलं. टाळ्या पडल्या. पण निकालाच्या वेळी एक परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, “कादंबऱ्या वाचून इतिहास सांगू नका. यातलं निम्मं घडलेलंच नाही.” माझं नाव घेतलं नाही, पण सगळे माझ्याकडेच बघत होते. घरी येऊन मावसभावाला विचारलं. तो पुण्याला इतिहासात एम. ए. करतोय. तो म्हणाला, ते बरोबर बोलले. घोरपडीला पुरावा नाही, आणि ‘स्वामी’तल्या ज्या रमाबाईंसाठी तू रडतेस त्यांचं बोलणंही लेखकाने रचलेलं आहे.

तेव्हापासून पेटी उघडलेली नाही. फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण मूर्ख आहोत असं वाटतं. बाबा म्हणतात, बरंच झालं, आता बारावीपर्यंत अभ्यास कर. ‘उषःकाल’ अर्धवट राहिलंय. त्याची भाषा झेपत नव्हती, पण आजोबांनी त्यात पेन्सिलीने पुष्कळ खुणा केल्यात, म्हणून सोडवतही नव्हतं. जे घडलंच नाही ते इतकं आवडणं चूक आहे का?

— पेटीवाली, कऱ्हाड

*

प्रिय पेटीवाली,

चूक नाही. आणि तू मूर्ख तर मुळीच नाहीस. स्पर्धेत उभी राहून तू जे बोललीस ते महाराष्ट्र पिढ्यानपिढ्या बोलत आला आहे. शाहिरांनी ते डफावर गायलं, आज्यांनी अंथरुणात नातवंडांना सांगितलं, शाळांच्या गॅदरिंगमध्ये पोरांनी दोरखंड घेऊन ते रंगमंचावर केलं. तुझं चुकलं ते एवढंच, की गोष्ट कुणाकडून ऐकली हे तू सांगितलं नाहीस. परीक्षकांचा मुद्दा बरोबर होता, पण मुलीला भर सभेत ‘हे घडलं नाही’ म्हणून सांगायचं आणि मग काय घडलं, ते कुठे वाचायला मिळेल, हे सांगायचं नाही, हे मला पटलेलं नाही. ते राहिलेलं काम मी करते.

तानाजींचीच गोष्ट घेऊ. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. त्या रात्रीबद्दल आपल्याकडे जे जुनं लिखाण आहे, त्यात सभासदाची बखर महत्त्वाची. कृष्णाजी अनंत सभासद हा शिवाजी महाराजांच्या दरबारातला माणूस. सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यावर असताना, त्यांच्या सांगण्यावरून त्याने थोरल्या महाराजांचं चरित्र लिहून काढलं. म्हणजे लढाईला तेव्हा पाव शतक होऊन गेलं होतं, पण ती आठवणारी माणसं अजून हयात होती. सभासद कोंढाण्याबद्दल मोजकंच लिहितो. निवडक मावळे रात्री कड्यावरून वर चढले. गडावर मोगलांचा किल्लेदार उदेभान होता. लढाई झाली, तानाजी आणि उदेभान दोघेही पडले. मग गडावरच्या पागेच्या खणांना आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. गड हाती आला हे त्यांना त्या उजेडाने कळलं. तानाजी गेल्याचं कळलं ते नंतर, माणूस बातमी घेऊन पोचल्यावर. तेव्हा महाराज म्हणाले, ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’

घोरपड यात नाही. रायबाचं लग्नही नाही. ती दोन्ही येतात पोवाड्यात. तुळशीदास शाहिराचा तानाजीचा पोवाडा शेकडो वेळा गायला गेला आणि यशवंती त्यातून घरोघर गेली. शाहिराला समोर बसलेल्या माणसांना तो कडा दाखवायचा होता. बापाने मुलाच्या लग्नाचा विडा बाजूला ठेवून मोहिमेचा विडा उचलला, हे त्यांच्या काळजाला भिडवायचं होतं. त्यासाठी त्याने घोरपड आणली, रायबा आणला. पुढे १९०३ च्या सुमारास हरी नारायण आपट्यांनी, म्हणजे हरिभाऊंनी, कादंबरी लिहिली, तिला ‘गड आला पण सिंह गेला’ हे नाव दिलं आणि ते वाक्य आपल्या जिभेवर कायमचं बसलं. सभासदाच्या वाक्यात सिंह नाही बघ. ‘एक गड गेला’ असं आहे. महाराजांनी तानाजीलाच गड म्हटलं आहे.

आता नावाचं. तानाजींच्या लढाईआधीच्या पत्रातही ‘सिंहगड’ हे नाव सापडतं. तेव्हा नाव त्या रात्रीनंतर पडलं, हे खरं नाही. नाव आधी होतं. नंतर लोकांना वाटलं की एवढ्या मोठ्या मरणाचा आणि या नावाचा काहीतरी संबंध असलाच पाहिजे. मला हे फार आपलंसं वाटतं. माणसं गेलेल्या माणसाला जवळ ठेवायचा मार्ग शोधत असतात, त्यातलाच हा एक.

आणि आता मला सांग, हे सगळं कळल्यावर तानाजी तुझ्या मनात लहान झाला का? मी तुझ्या वयाची होते तेव्हा घोरपडीशिवाय ही गोष्ट मला फिकी वाटली असती. आज मात्र मला सगळ्यात जास्त हलवतो तो राजगडावरून दिसलेला उजेड. हवा स्वच्छ असली की सिंहगडावरून राजगड आजही दिसतो. रात्रभर जागा असलेला माणूस, लांबवर डोंगरमाथ्यावर पेटलेला जाळ, आणि त्याला अजून अर्धीच बातमी कळलेली. हा क्षण सभासदाने दोन ओळींत उरकला आहे. तुझ्यातल्या वक्त्याला त्यावर दहा मिनिटं बोलता येईल, आणि कुठलाही परीक्षक तुला अडवू शकणार नाही.

पुढच्या वेळी भाषण करशील तेव्हा एवढंच कर: ‘सभासद लिहितो’, ‘शाहीर गातो’, ‘हरिभाऊ रंगवतात’. प्रत्येक गोष्ट ज्याची त्याच्या पदरात टाक. घोरपड वगळू नकोस! पोवाड्यातली म्हणून तिला मानाने आण. एक रात्र, आणि ती सांगणारे तीन जण, कुणी काय पाहिलं, कुणी काय मनाचं घातलं आणि का घातलं, हे ऐकायला माणसं जागची हलणार नाहीत.

*

रमाबाईंकडे वळते, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे.

‘स्वामी’ मी चौदाव्या वर्षी वाचलं आणि थेऊरला जायचा हट्ट धरला. वडील एका रविवारी एसटीने घेऊन गेले. चिंतामणीचं दर्शन झाल्यावर ते मला नदीकाठी रमाबाईंच्या समाधीपाशी घेऊन गेले, आणि मी तिथे इतकी रडले की एका अनोळखी बाईंनी जवळ येऊन विचारलं, घरात काही झालंय का. वडिलांनी सांगितलं, नाही हो, पुस्तक वाचलंय. त्या बाईंनी मान हलवली, जणू हे कारण त्यांना पुरेसं वाटलं.

मग बऱ्याच वर्षांनी, नोकरीला लागल्यावर, ग्रंथालयात इतिहासाचे जाडजूड खंड काढून त्यात रमाबाई शोधायला बसले. तुझ्या भावाने तुला जे तोंडी सांगितलं ते मला कागदावर सापडलं. त्यांच्या नवऱ्याबद्दल, माधवराव पेशव्यांबद्दल, पुष्कळ होतं. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झालं, जूनमध्ये नानासाहेब गेले, आणि माधवरावांच्या अंगावर पेशवाईची वस्त्रं आली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते, बरोबर तुझ्या वयाचे. १७६३ ला राक्षसभुवनावर निजामाचा पराभव. हैदरवरच्या मोहिमा. कर्ज, काकांशी तंटे, रामशास्त्री. मग क्षय, आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला मृत्यू, वय सत्तावीस. ग्रँट डफ हा कंपनी सरकारचा स्कॉटिश अधिकारी, मराठ्यांचा पाडाव पाहिलेल्या पिढीतला. त्यानेसुद्धा १८२६ मध्ये छापलेल्या आपल्या इतिहासात लिहून ठेवलं की या पेशव्याचा अकाली मृत्यू मराठी राज्याला पानिपताइतकाच घातक ठरला. रमाबाईंबद्दल मात्र मला फार थोडं मिळालं. त्या सती गेल्या, हे मिळालं. त्या काय बोलत, कशावर हसत, नवरा मोहिमेवर असताना त्यांचे दिवस कसे जात, यातलं काही नाही.

त्या दिवशी मलाही फसवल्यासारखं वाटलं. पण मग विचार केला की हे कागद होते कशाचे? पेशवे दफ्तरात सारा, कर्ज, फौजेचा खर्च, कुणाला कुठलं गाव लावून दिलं, मोहिमेची खबर, असले कागद रुमालांत बांधून ठेवलेले. गो. स. सरदेसायांनी त्यातून निवड करून पंचेचाळीस भाग छापले, तेवढ्यानेच माणूस दमून जातो. गोपिकाबाईंसारख्या कर्त्या बाईची पत्रं त्या काळातून आपल्यापर्यंत आली, कारण त्या राजकारणात होत्या. सत्तावीस वर्षांच्या आजारी माणसाच्या बायकोचं मन हा कुठल्याच कारकुनाच्या कामाचा विषय नव्हता. रणजित देसायांनी १९६२ मध्ये जी रमा लिहिली ती या रिकाम्या जागेत लिहिली. तिचं बोलणं देसायांचं आहे, भाऊ खरं सांगतोय. पण तिथे एक बाई होती, तिच्या डोळ्यांसमोर नवरा खंगत होता, आणि त्याच्या मागे ती चितेवर गेली, हे देसायांनी रचलेलं नाही. तू रडलीस ती त्या बाईसाठी. तुझं रडणं खोटं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगते, ती जरा कठीण आहे. सोळा वर्षांच्या मुलीशी ती बोलायला हवी असं मला वाटतं, म्हणून बोलते. ‘स्वामी’चा शेवट इतका सुंदर लिहिलाय की सती जाणं हे प्रेमाचं टोक वाटायला लागतं. तुलाही वाटलं असेल. मला तर नक्कीच वाटलं होतं. म्हणून तो शेवट चौथ्यांदा वाचायच्या आधी हरिभाऊंचीच दुसरी कादंबरी वाच, ‘पण लक्षात कोण घेतो’. आजोबांच्या पेटीत हरिभाऊंचं ‘उषःकाल’ आहे म्हणजे हीसुद्धा असण्याचा संभव आहे. नसेल तर गावच्या वाचनालयात मिळेल. १८९० च्या सुमारास हरिभाऊंनी ती आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः छापायला घेतली. यमू नावाची मुलगी आपली हकिगत आपल्याच तोंडाने सांगते. लहानपण, भावाबरोबरचे खेळ, लग्न, सासर, नवऱ्याबरोबर मुंबईत काढलेले थोडे सुखाचे दिवस, आणि नंतर विधवा बाईच्या वाट्याला जे येई ते. पहिली पानं तू हसत वाचशील, इतकी ती पोर खट्याळ आहे. शेवट मी सांगत नाही.

ही तेव्हा ऐतिहासिक कादंबरी नव्हती. हरिभाऊ आपल्या शेजारच्या घरांबद्दल लिहीत होते. पण आज सव्वाशे वर्षांनंतर मला त्या काळातलं बायकांचं जगणं जाणून घ्यायचं असेल तर मी आधी यमूकडे जाईन, कारण ते लिहिणाऱ्या माणसाने ती घरं, ते सोवळं, त्या सासवा, त्या केशवपन झालेल्या मुली स्वतः पाहिल्या होत्या. तानाजींना त्यांनी पाहिलं नव्हतं. एकाच लेखकाच्या दोन कादंबऱ्या, आणि ज्या कादंबरीवर इतिहासाचा शिक्का नाही तीच इतिहासाला जास्त उपयोगी. तुझ्या भावाला हे सांगून बघ. इतिहासाचा विद्यार्थी आहे, त्याला हे पटेल, आणि कदाचित तो कादंबऱ्यांबद्दल थोडा मवाळ होईल.

‘उषःकाल’लासुद्धा हेच लावून बघ. त्यात शिवाजी महाराजांच्या उमेदीचा काळ आहे. पण ती छापली जात होती १८९५ च्या सुमारास. त्याच वेळी टिळकांनी रायगडावरच्या महाराजांच्या समाधीच्या जीर्णोद्धाराचा प्रश्न हाती घेतला होता आणि शिवजयंतीचा उत्सव उभा राहत होता. इंग्रजांचं राज्य डोक्यावर असताना एक माणूस दर आठवड्याला वाचकांना सांगतोय की अंधार कितीही दाट असला तरी पहाट कशी होते बघा. नावातच ते आहे. मग त्यातली भारंभार भाषणं, देशस्थितीवरचे उसासे, हे सगळं तुला निराळं दिसायला लागेल. ते १६४० च्या दशकातल्या माणसांचं बोलणं कमी आणि १८९५ च्या पुण्याचं बोलणं जास्त आहे.

*

भाषा झेपत नाही म्हणतेस. ती झेपेल. फक्त तू ज्या वेगाने ‘मृत्युंजय’ वाचतेस तो वेग हरिभाऊंकडे चालत नाही. त्यांचा वाचक एक प्रकरण वाचून पुढच्या अंकाची वाट बघायचा. मध्ये आठवडा गेलेला असे म्हणून ते मागचं पुन्हा सांगतात, वाचकाशी गप्पा मारतात, लांबण लावतात. तेव्हा तूही एका बैठकीला एकच प्रकरण वाच, आणि मोठ्याने वाच. लांब वाक्य डोळ्यांना अडतं, पण तोंडाने म्हटलं की कुठे श्वास घ्यायचा हे त्याचं तेच सांगतं. आई पोळ्या करत असेल तर तिला वाचून दाखव. तीही ऐकेल आणि मध्येच एखाद्या शब्दाचा अर्थ सांगेल, जो तुला कोशात शोधायला वेळ गेला असता.

आणि शब्दांची एक वही कर. खलिता, सनद, मुतालिक, सांडणीस्वार, तनखा, दस्तक. यातले काही शब्द फसवे असतात. आपण जासूस म्हटलं की हेर डोक्यात येतो, पण पेशवाईच्या कागदांत जासूद म्हणजे बहुतेक वेळा पत्रं घेऊन धावणारा माणूस. हे कळलं नाही तर एखाद्या साध्या वाक्यात उगाच कारस्थान दिसायला लागतं. यातले पुष्कळ शब्द फारसीतून आलेले आहेत, आणि ही गोष्ट खुद्द महाराजांनाही जाणवली होती. राज्यकारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश त्यांनी करवून घेतला. तरी दफ्तर दफ्तरच राहिलं. शब्द हुकमाने जात नाहीत, हे मला त्या कोशाकडे बघून नेहमी वाटतं.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर तुझ्या शंका लिहीत जा. कादंबरी वाचताना ‘हे खरंच झालं असेल का?’ असं वाटलं की थांबायचं नाही, पान क्रमांक टाकून प्रश्न लिहायचा आणि पुढे जायचं. पहिलं वाचन गोष्टीचं, त्यात कुणाला मध्ये येऊ द्यायचं नाही. प्रश्न पुस्तक मिटल्यावर. ‘श्रीमान योगी’ तू वाचलंस, पण नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना ओलांडून गेली असशील. त्या वयात सगळेच ओलांडतात. आता ती वाच. कादंबरीच्या दारातच एक चिकित्सक माणूस बसलेला आहे आणि महाराजांबद्दल पुराव्याने काय म्हणता येतं, कुठे आपण भाबडेपणा करतो, हे सडेतोड सांगतोय, आणि कादंबरीकाराने त्याला तिथे मानाने बसवलं आहे. कादंबरी आणि चिकित्सा यांचं भांडण असायलाच हवं असं तुला कुणी सांगितलं तर ती पानं उघडून दाखव.

‘मृत्युंजय’बद्दल थोडक्यात. कर्णाला सूतपुत्र म्हणून द्रौपदीने स्वयंवरात नाकारलं, हा प्रसंग आपल्या सगळ्यांच्या मनात पक्का आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. १९१९ ला सुरू झालेलं ते काम १९६६ पर्यंत चाललं. तिच्या मूळ संहितेत तो नकार नाही, तो नंतरची भर म्हणून वगळला आहे. आणि द्यूतसभेत कर्ण द्रौपदीला जे बोलला ते मात्र त्यात आहे, आणि ते ऐकवत नाही. ‘मृत्युंजय’मधला शिवाजी सावंतांचा कर्ण तुझा लाडका असणार. तो लाडका राहू दे. त्याच्या शेजारी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ ठेव. बाई फार कठोर आहेत, पण व्यासांच्या माणसांवर त्यांचंही प्रेम आहे. कदाचित ते पुस्तक तुला आत्ता न आवडता पाच वर्षांनी आवडेल. तसं झालं तरी चालेल.

*

एक पुस्तक मात्र मला तुझ्या हातात कोंबायचंच आहे: विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’. तुझ्यासाठी ते औषध आहे.

हे गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. घरी कर्ज झालेलं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून ते काकांबरोबर उत्तरेला निघाले. साल १८५७. वाटेतच बंड पेटलं आणि हा साधा कोकणी भिक्षुक त्यात सापडला. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. राणी लक्ष्मीबाईंना त्यांनी जवळून पाहिलं. गोळे पडताना, शहर लुटलं जाताना, माणसं मारली जात असताना ते जीव मुठीत धरून लपून बसले होते. कित्येकदा लुबाडले गेले. शेवटी दक्षिणा नाही, काही नाही, आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. पुढे म्हातारपणाकडे झुकताना त्यांनी हे सगळं आठवून लिहिलं आणि चिं. वि. वैद्यांनी ते १९०७ मध्ये छापलं.

हे कुणी रचलेलं नाही. पाहिलेल्या माणसाने सांगितलेलं आहे. आणि तरी ते कादंबरीसारखं धावतं. यात तुला आणखी एक गंमत सापडेल: पाहणारा माणूससुद्धा ऐकीव गोष्टी मध्ये मध्ये घालतो. जिथे ते स्वतः नव्हते तिथल्या लढाया आणि दरबारातली बोलणीही ते सांगतात, आणि तिथे त्यांचा सूर बदलतो. वाचता वाचता तुला कळायला लागेल, हे डोळ्यांनी पाहिलेलं, हे धर्मशाळेत ऐकलेलं. हा कान एकदा तयार झाला की कुठल्याही परीक्षकासमोर तुझे पाय लटपटणार नाहीत, कारण कुणी सांगायच्या आधी तुलाच कळेल की आपण कशाच्या जोरावर बोलतोय.

असाच आणखी एक छोटा मजकूर आहे, नाना फडणिसांनी स्वतःबद्दल लिहिलेला. पानिपतच्या दिवशी त्यांना एकोणीसही पूर्ण झाली नव्हती. ते वाचले, त्यांच्या आईचा पत्ता लागला नाही. पुढे ज्याला सगळा हिंदुस्थान धूर्त मुत्सद्दी म्हणून ओळखणार होता तो त्या कागदात जीव घेऊन पळणारा घाबरलेला मुलगा आहे. विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ वाचशील तेव्हा हे शेजारी ठेव.

बाबांचं म्हणणं मला कळतं. अकरावी-बारावी सायन्स म्हणजे काय ते त्यांनी आजूबाजूला पाहिलं असणार. त्यांच्याशी वाद घालू नकोस. झोपण्याआधीचा अर्धा तास मागून घे आणि तो अर्धा तासच ठेव. रात्री दोनपर्यंत उशीखाली टॉर्च लावून वाचायचं नाही (मला माहीत आहे तू वाचतेस). मागच्या चाचणीचे मार्क घसरले नाहीत हे त्यांना दिसलं की ते पुन्हा विषय काढणार नाहीत. आणि भावाला सुट्टीत घरी येताना सभासदाची बखर घेऊन यायला सांग. छोटी आहे, स्वस्त आहे, आणि ‘हे खोटं आहे’ म्हणाल्यावर खरं काय ते आणून देणं त्याच्याकडे लागतं.

आता पेटी उघड. ‘उषःकाल’ जिथे सोडलंस तिथून नाही, पहिल्या पानापासून घे, आणि आधी नुसत्या आजोबांच्या खुणा बघत जा. कुठल्या ओळींखाली त्यांनी पेन्सिल ओढलीय, कुठे नुसती फुली, कुठे प्रश्नचिन्ह. एखादं प्रश्नचिन्ह सापडलं तर ते पान मला नक्की कळव.

तुझी,
ताई